बिरोबाच्या डोंगराची राखण

माण तालुक्यात सावली मिळणं ही साधी गोष्ट नाही. तिथं माणूस एसटीची वाट बघत विजेच्या खांबाच्या सावलीत उभा राहतो, आणि सावली सरकेल तसा आपणही सरकतो. अशा मुलखात कोंडीबाच्या वाट्याला डोंगरभर सावली आली होती, आणि त्या सावलीत बसून तो पार कंटाळून गेला होता.

बिरोबाचा डोंगर पूर्वी बोडका होता. आता त्याच्यावर गिरिपुष्प, करंज, कडुनिंब आणि सुबाभूळ दाटली होती. उतारावर आडवे चर खणले होते. त्यांत पावसाचं पाणी मुरायचं, त्यामुळं खाली गावच्या विहिरी उन्हाळ्यातही तळ दाखवत नसत. टँकर यायचा कधीच बंद झाला होता. ज्यांनी जन्मात बाजरीशिवाय काही पिकवलं नव्हतं, ते आता डाळिंबाच्या भावावर तावातावानं बोलायचे. वेशीजवळ बक्षिसाचा मोठा फलक लागला होता आणि त्यावर सरपंच लालासाहेबांचा फोटो झाडांपेक्षा मोठा होता. पण खोटं कशाला बोला, झाडांनी गावाचं भलंच केलं होतं. पाहुण्यारावळ्यांना कोंडीबा स्वतःच हे सांगायचा. वनसमितीनं त्याला राखणदार नेमलं होतं, आणि डोळ्यात तेल घालून त्यानं डोंगर राखला होता.

फक्त त्या डोंगरावर त्याच्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं.

बायको दोन वर्षांमागं गेली. मुलगा मुंबईत माथाडी, तो जत्रेला येतो आणि आल्या पावली परत जातो. पण कोंडीबाला खरी उणीव भासायची ती मेंढरांची. पूर्वी डोंगराच्या या अंगाला मेंढरांचं एक खांड, म्हणजे कळप, त्या अंगाला दुसरं, आणि मधून धनगरांच्या हाका चाललेल्या असायच्या. कुणाची मेंढी व्याली, कुणाचा कुत्रा हरवला, सगळी खबर या उतारावरून त्या उतारावर जायची. आता मेंढरं नाहीत, म्हणून हाका नाहीत. गिरिपुष्पाखाली गवत उगवेना, म्हणून चंडोल पक्षी गेले. मोकळा माळ राहिला नाही, म्हणून लांडगाही गेला. धनगराच्या पोटी जन्मून ज्याला लांडग्याचीसुद्धा आठवण येते, तो किती एकटा पडला असेल हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

झाडं लावायचं ठरलं ती सभा बिरोबाच्या देवळात भरली होती. साहेब लोकांनी झाडांचे फायदे सांगितले, ते सगळ्यांना पटले. अडचण एकच होती. कोवळी रोपं आणि मेंढरं एका डोंगरावर नांदत नाहीत. तेव्हा कुऱ्हाडबंदी करायची, चराईबंदी करायची, असं ठरलं. साहेबांनी कागद पुढं केला. कागद बघून म्हातारे हसले. त्यांचं म्हणणं असं, की कागदावर अंगठा दिलेला माणूस फिरतो, पण देवापुढं भंडारा उचललेला फिरत नाही. भंडारा म्हणजे बिरोबाची हळद. त्या साली देवाच्या पूजेची पाळी कोंडीबाच्या घरची होती. त्यानं प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट ठेवली आणि प्रत्येकानं ती कपाळाला लावून म्हटलं, “माजं मेंढरू डोंगरावर चढणार न्हाई.”

कधीपर्यंत, हे कुणी म्हटलं नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कागद केला असता तर साहेबांनी त्यावर मुदत घातली असती. भंडाऱ्यावर कुणी मुदत घालत नाही.

भंडारा उचलणाऱ्यांत कोंडीबाचा धाकटा भाऊ तानाजीही होता. दोघांचं खांड एकच. कोंडीबा राखणदार झाला तशी मेंढरं एकट्या तानाजीच्या अंगावर पडली. दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको राहीबाई खांड घेऊन खाली तासगावकडं जायची, लेंडीखतासाठी लोकांच्या रानात मेंढरं बसवायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी परतायची. दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला. जेठाचं ऊन, कुठं काडी नाही, आणि चराईबंदीमुळं डोंगरावर मात्र गुडघाभर गवत उभं. एके दिवशी उजाडताना मेंढरं चर ओलांडून वर शिरली. कोंडीबानं काठी उगारून ती खाली हाकलली. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण खाली सगळी वस्ती गोळा झाली होती, त्याच्या अंगावर नवा खाकी सदरा होता, आणि तो सगळ्यांदेखत सख्ख्या भावाला म्हणाला, “भंडारा उचलून खोटा वागलास. देव बगून घील तुला.”

तानाजी खांड घेऊन जतकडच्या माळावर गेला. पुढच्या पावसाळ्यात आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाकीच्यांनी चाऱ्याअभावी आपापली मेंढरं विकली आणि डाळिंबं लावली. त्याला आता सात-आठ वर्षं होत आली. भावानं आपल्यावर राग धरला, हे कोंडीबानं मनाशी पक्कं केलं होतं. आणि राग धरलेल्या माणसाच्या दारात आपण होऊन जायचं, हे त्याला जमत नव्हतं.

मग वणवा लागला. मागच्या फाल्गुनात, डोंगराच्या दक्षिण अंगाला. त्या बाजूला मुरमामुळं झाडं विरळ होती आणि गवत मात्र वर्षानुवर्षं न चरलेलं, न कापलेलं, एकावर एक आडवं पडून गादीसारखं झालं होतं. कुणाची ठिणगी पडली देव जाणे, सगळा गाव ओले गोणपाट घेऊन धावला तरी खालची करंजाची पट्टी जळून गेली.

नवी वनरक्षक उत्कर्षा सांगलीच्या विश्रामबागेतली. शिकलेली, आणि शिकलेली असून ऐकून घेणारी. जळकी पट्टी हिंडून झाल्यावर ती कोंडीबाच्या खोपटापुढं दगडावर बसली.

“कोंडीबाकाका, या अंगाला पूर्वी मेंढरं चरायची ना?”

“चरायची की. समद्या डोंगरावर चरायची.”

“तेव्हा वणवा लागायचा?”

कोंडीबानं आठवून पाहिलं. “लागायचा कवातरी. पर हातानं इजायचा. गवात हुतंच कुटं एवढं.”

“तेच म्हणते मी. झाडं लावताना गवताला कुणी विचारलंच नाही,” उत्कर्षा म्हणाली. “उत्तरेला झाडं चांगली आलीत, ती राहू देत. पण ही बाजू मुळात गवताचीच आहे. बी पडून गेलं की इथं दरवर्षी थोडे दिवस मेंढरं चरायला हवीत. मी साहेबांशी बोलते. तुम्ही समितीत बोला.”

कोंडीबा नुसता मान हलवत राहिला. आनंद झाला तर होता, पण तो चेहऱ्यावर दाखवायची सवय मोडली होती.

कागदपत्रं होईतो पावसाळा आणि दिवाळी गेली. समितीनं दक्षिण बाजू माघापासून उघडायचं ठरवलं आणि तिथं दोन घोडी अडली. एक म्हणजे गावात आता मेंढरूच नव्हतं. डाळिंबवाले एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. आणि दुसरं, मेंढरू असतं तरी भंडाऱ्याचं काय करायचं? परवानगी साहेबांनी दिली होती, देवानं कुठं दिली होती?

“भंडारा ज्यानं दिला त्यानंच उतरवायचा,” लालासाहेब म्हणाले. “कोंडीबा, ते तुज्याकडं लागलं. आन् मेंढरंबी तुज्याच घरची हायत.”

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. नाही म्हणायला आता त्याच्याकडं काही कारण उरलं नव्हतं.

तानाजी हिवाळ्यात अजूनही तासगावकडंच मेंढरं बसवतो, एवढं कोंडीबाच्या कानावर होतं. पौषातल्या एका सकाळी तो तासगावच्या गाडीत बसला. मांडीवर दक्षिण उताराच्या गवताची पेंढी होती. कंडक्टरनं विचारलं, “म्हातारबा, सासुरवाडीला वैरण घिऊन चाललाय का?” गाडी हसली. कोंडीबा हसला नाही. भावासाठी काय न्यावं हे त्याला रात्रभर सुचलं नव्हतं, आणि शेवटी हेच हाताला लागलं होतं.

तासगावच्या पुढं द्राक्षांच्या बागा सुरू झाल्या. बेदाण्याची शेडं झाडूनझटकून तयार होत होती. चौकशी करत करत तो एका बागेच्या कडेला पोचला. मोकळ्या रानात जाळीची वाघर ठोकलेली आणि आत मेंढरं दाटीवाटीनं उभी. तीन दगडांच्या चुलीपुढं राहीबाई भाकरी थापत होती. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं, ओळखलं आणि पदर सावरत उठली.

“आवं दादा, तुमी?” मग ती मागं वळून म्हणाली, “आवं, कोण आलंय बगा तरी.”

तानाजी वाघरीच्या पलीकडून आला. लंगडत आला. गुडघ्यावर मळकं फडकं बांधलेलं, मिशा पांढऱ्या. कोंडीबाच्या मनात भावाचं जे रूप होतं ते काळ्या मिशांचं होतं.

“बस दादा,” तानाजी म्हणाला. एवढंच, जणू काल संध्याकाळीच भेट झाली होती.

कोंडीबा बसला. वाटेत जुळवून आणलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. त्यानं पेंढी पुढं सरकवली. तानाजीनं एक काडी उपसली, दातांत धरली, चावली.

“दक्षिण अंगाची,” तो म्हणाला.

“व्हय. तिकडं आता चराई उघडत्यात. माघात. तू खांड घिऊन ये.” आणि मग जे बोलायचं नव्हतं तेच कोंडीबाच्या तोंडून आधी गेलं. “राग टाक आता, तानाजी. लय वरसं झाली.”

तानाजीनं बायकोकडं पाहिलं. राहीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

“कसला राग?” तानाजी म्हणाला. “राग धरायला येळ कुटं हुता, दादा. त्या साली तितनं जतंला गेलो आन् निम्मी कोकरं पायलागाच्या रोगानं मेली. ही म्हणली, द्यावानं बगून घेतलं. तू म्हणला हुतास तसंच. मग म्या ठरिवलं, भंडारा उतरल्याबिगर आपुन डोंगराकडं तोंड करायचं न्हाई. आज उतरंल, उद्या उतरंल. तू येशील आन् सांगशील. दर जेठाला ही वाटंकडं बगत बसायची.”

“म्हंजी रागानं न्हाई?”

“भंडाऱ्यानं,” तानाजी म्हणाला.

कोंडीबाला वाटलं, कुणी आपल्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं तो वर बसून वाट बघत होता आणि हे दोघं खाली बसून. मधे भंडाऱ्याची एक चिमूट होती, आणि ती उतरवणं त्याच्या एकट्याच्या हातात होतं. एसटीनं यायला अर्धा दिवस लागला होता. राहीबाईनं भाकरी आणि खर्डा पुढं ठेवला. तो खाली मान घालून जेवला, कारण वर पाहिलं असतं तर भावजयीला डोळे दिसले असते.

निघताना तानाजी म्हणाला, “माघी पुनवंला येतो. तू वाट मोकळी कर.”

कोंडीबानं वाट मोकळी केली. इतक्या वर्षांत त्याच्या अंगात एवढी हुशारी कुणी पाहिली नव्हती. मेंढरं अडवायला जो चर त्यानं उभं राहून खणून घेतला होता, तोच त्यानं दक्षिण बाजूला स्वतःच्या हातानं बुजवला. काटेरी तार सोडवून गुंडाळून ठेवली. खोपट सारवलं, तानाजीच्या गुडघ्यासाठी करंजाचं तेल मागून आणलं. सगळं झाल्यावरही चैन पडेना, म्हणून देवळाच्या पायऱ्या धुतल्या.

माघी पौर्णिमेला सकाळीच घंटा ऐकू आल्या. पाच-सहा मुक्काम करत खांड आलं होतं. गाव गोळा झाला. लालासाहेबांनी हार आणला होता, तो तानाजीला घालावा की पुढच्या मेंढ्याला, यावर त्यांचं ठरेना. उत्कर्षाही आली. भंडारा उचललेल्यांपैकी जे जिवंत होते आणि गावात होते ते देवळात गेले. कोंडीबानं प्रत्येकाच्या कपाळाला पुन्हा भंडारा लावला, तीच चिमूट बोटानं पुसून देवापुढं ठेवली आणि म्हणाला, “बिरोबा, ज्यांनी उचलला त्यांचा उतरला. आता मेंढरांना वाट दे.” तानाजीनं डोळे मिटून घेतले होते.

मग सगळे खाली बुजवलेल्या चरापाशी आले. तानाजी पुढं झाला, जीभ टाळूला लावून धनगरी आवाज काढला आणि चढू लागला.

मेंढरं चरापाशी आली आणि थांबली.

तानाजीनं पुन्हा आवाज दिला. पुढची चार-पाच मेंढरं बिचकत वर गेली. पायाखालची मुरमाड माती घसरली, बाजूच्या झाडीतून वारा सळसळला, आणि ती गर्रकन फिरली. त्यांच्यामागं सगळं खांड फिरलं. राहीबाईनं अडवली, पोरांनी हाकारे घातले, कुत्र्यांनी गराडा घातला. तीनदा वळवून आणली. तिन्ही वेळा त्याच जागी येऊन थांबली. वर गुडघाभर गवत उभं होतं, आणि मेंढरं मात्र खाली रस्त्याच्या कडेची वाळकी काटेरी पानं हुंगत होती.

“आजारी आहेत का?” उत्कर्षानं विचारलं.

“न्हाई ताई,” तानाजी खाली बसत म्हणाला. “वाट म्हाईत न्हाई त्यास्नी. डोंगराची वाट कोकरू आयच्या मागनं शिकतं. म्हातारी मेंढी पुढं, तरणी मागं, असंच चालत आलंय. डोंगर बगितल्याली समदी मेंढरं कवाच सपली. ही समदी खालची. सपाट रानातली.” त्यानं गुडघा चोळला. “मलाबी आता पुढं चढवत न्हाई, न्हाईतर रोज हिंडवून शिकवली असती.”

यात कुणाला बोल लावावा हे कुणाला कळेना. झाडांनी काही वाईट केलं नव्हतं. विहिरींना पाणी होतं. लोक थोडा वेळ थांबले, हळहळले, मग एकेकाला आठवलं की आज आपल्या डाळिंबाला पाणी द्यायचं आहे. लालासाहेबांनी हार शेवटी देवळात नेऊन घातला. उत्कर्षा बराच वेळ थांबून होती. तिनं विचारलं, “पुढच्या वर्षी?” दोघा भावांनी खाली मेंढरांकडं पाहिलं.

तानाजी एक रात्र राहिला. कोंडीबानं त्याच्या गुडघ्याला तेल चोळलं. खोपटात दुसऱ्या माणसाचं घोरणं होतं, आणि कोंडीबा ते ऐकत मुद्दाम जागा राहिला. तासगावच्या बागवाल्याला शब्द दिलेला, खांडाला रोज चारा हवा, म्हणून सकाळी निघणं भाग होतं.

जाताना तानाजीनं खांडातून एक मेंढी बाजूला काढली. पुढं चालणारी, गळ्यात घंटा असलेली. तिच्या पायांत आठवडाभराचं कोकरू घुटमळत होतं.

“ही ऱ्हाऊ दे तुज्यापाशी,” तो म्हणाला. “हिला वाट शिकीव. हिच्या मागनं हिचं कोकरू शिकंल. पुढल्या माघात म्या खांड आणतो, तवा ही पुढं चालंल आन् बाकीची हिच्या मागनं चढतील.”

“आन् तू?” कोंडीबानं विचारलं.

तानाजीनं गुडघ्याकडं पाहिलं. “म्या खाली बसून बगीन की.”

खांड वळणाआड गेलं. मेंढी त्या दिशेला तोंड करून ओरडत राहिली. तिचा आवाज बसेपर्यंत कोंडीबा तिच्याजवळ उभा होता. मग त्यानं तिला वर न्यायला म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते “हाऽड, हाऽड.” मेंढी दचकून लांब पळाली. इतकी वर्षं डोंगरावरून मेंढरं हाकलायला त्यानं हाच आवाज काढला होता. बोलवायचा आवाज कसा काढतात ते त्याची जीभ विसरून गेली होती. त्यानं टाळूला जीभ लावून पाहिली, नुसता थुंकीचा आवाज आला. जवळपास कुणी ऐकायला नव्हतं, तरी त्याला लाज वाटली.

शेवटी त्यानं कोकरू उचललं, सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि चर ओलांडून चढायला लागला. कोकरू ओरडलं. मागं मेंढीनं ओ दिली. दहा पावलं गेल्यावर त्याला घंटा ऐकू आली, थांबत, बिचकत, पण मागून येणारी. त्यानं वळून पाहिलं नाही. वळलं की ती फिरेल, एवढं अजून त्याच्या ध्यानात होतं.

जळक्या पट्टीच्या वर, पहिल्या टेकाडाशी, त्यानं कोकराला खाली सोडलं. मेंढी धावत आली, पिल्लाला हुंगलं, मग मान खाली घालून गवताला तोंड लावलं. कोंडीबा दगडावर बसला. खाली विहिरीवरच्या मोटारी चालू होत्या आणि तासगावच्या रस्त्यावर धुरळा केव्हाच बसला होता. तो जीभ टाळूला लावून आवाज काढायचा प्रयत्न करत राहिला. पुढच्या माघाला अजून लय अवकाश होता.